तेरावा फर्मा

एप्रिल लागला की माझ्या बोटांची टोकं ताठ होतात, खळ वाळल्यावर होत असत तशी. इथं सुरतेचा उन्हाळा दमट. दांडीवरचं लुगडं दोन दिवस ओलसर राहतं, पापड वाळत नाहीत, माणूसही वाळत नाही. तरी नातवंडांच्या परीक्षा संपल्या, जिन्यात दप्तरं आपटल्याचा आवाज आला की मी अंगठा बोटावर घासून बघते. पापुद्रा निघेल असं वाटतं. निघत नाही. बाइंडिंगचं काम सुटून चाळीसेक वर्षं झाली, पण तो हंगाम अंगातून जात नाही.

सोलापुरात आमचा हंगाम परीक्षा संपल्यावर सुरू व्हायचा. शाळा सुटल्या की घरोघरी पाहुणे, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन, आणि मग सगळं गाव कादंबऱ्या वाचत पडायचं. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचे मालक त्याआधी वर्षभराची फाटकी पुस्तकं पोत्यात भरून आमच्याकडं आणून ओतत. बहुतेक रहस्यकथा. खून, भुताटकी, मृत्युपत्रं. पानांत कुणाचे केस, कुणाची तपकीर, शेंगाच्या चटणीचे लालसर तेलकट ठसे. माणसं एवढ्या भीतीचं वाचताना खात कशी बसतात याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा. दुपारी दोनला पत्रा असा तापायचा की त्यावरून कावळा चालला तरी पाय उचलून पळायचा, आम्हाला खालून ऐकू यायचं. पंखा होता, पण कागद उडतात म्हणून लावत नसत. कोपऱ्यात मैद्याची खळ शिजायची. तिच्यात मोरचूद घालायचे, किडा लागू नये म्हणून, त्यामुळं खळीला निळसर रंग यायचा आणि एक कडवट वास. तो वास भाकरीलाही लागायचा. मालकांना सगळे उस्ताद म्हणत. साठीचे, हडकुळे, दाढी मेंदीनं लाल. शिलाईचा दोरा मेणावरून ओढताना ते डोळे मिटून घेत.

मी जेऊरकडची. माझं गाव स्टेशनापासून दोन कोस आत. आज कुणी म्हणेल, जेऊर ते सोलापूर ते काय अंतर! पण ज्याला परत बोलावणं नाही त्याला दोन कोसही परदेश. मावशीकडं राहायची, एकोणीस वर्षांची होते, आणि शाळा सातवीत सुटली होती. उस्तादांनी पहिल्या दिवशी विचारलं, "वाचता येतं?"

मी म्हणाले, "न्हाय."

"अल्लाचा शुकर," म्हणाले. "वाचणारी बाई मला नको. नजर अक्षरात गेली की हात गया समज. ही नरसम्मा बघ. मराठीचं एक अक्षर येत नाही, आन् इतक्या वर्षांत एक फर्मा इकडचा तिकडं नाही."

फर्मा म्हणजे मोठ्या कागदाला घड्या घालून झालेली सोळा पानं. असे दहा-बारा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. जुनं पुस्तक उसवायचं, फाटक्या पानांना पातळ कागदाची ठिगळं लावायची, आकड्यांप्रमाणं फर्मे लावून उस्तादांच्या पुढ्यात ठेवायचे. नरसम्माला आकडे म्हणून आकडे येत नव्हते. तिच्या लेखी चार म्हणजे निरगाठ, सात म्हणजे मासे धरायचा गळ, आठ म्हणजे घराचं पाखं, उतरतं छप्पर. नवरा हातमागावर, चार लेकरं, घरी तेलुगू, बाहेर तिचं स्वतःचं मराठी. "शेवंता, तू इतका हळू का करते गं? कागदाचा लगीन लावते काय?" असं म्हणायची आणि स्वतःच हसायची.

हळू करायचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. माझी नजर अक्षरात जायची. कितीही ओढली तरी जायची.

वाचन सोडलं होतं मी, दारू सोडावी तसं. सात वर्षांपूर्वी, बारा वर्षांची असताना, आई शेतावर गेली होती आणि दत्तूला माझ्याजवळ ठेवलं होतं. दत्तू माझा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. मी उंबऱ्यावर बसून गुळाच्या पुडीचा कागद वाचत होते. घरात छापलेलं दुसरं काही नव्हतं म्हणून मी पुड्यांचे कागद जपून ठेवायची. अर्धी बातमी वाचून होईपर्यंत दत्तू परड्यातल्या विहिरीत गेला. उन्हाळा होता, विहीर कोरडी होती. पाणी असतं तर कुणास ठाऊक, खालून वर तरी आला असता. लहान लेकराचं दहावं-तेरावं करत नाहीत आमच्यात. पुरतात आणि घरी येतात. न्हावी नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. मोठ्या माणसाच्या मरणाला निदान तेराव्या दिवशी एक गाठ बसते, गोडाचा घास खाऊन लोक उठतात. दत्तूच्या मरणाला ती गाठ बसलीच नाही. आई फक्त एकदा म्हणाली, "वाचत हुतीस व्हय." विचारलं नाही, म्हणाली. जूनमध्ये माझं दप्तर खुंटीवरून निघालं नाही, आणि दिवाळीनंतर मावशीकडं रवानगी झाली.

म्हणून उस्तादांना "न्हाय" म्हणाले ते नुसतं कामासाठी नव्हतं. मला ते खरं व्हायला हवं होतं.

आणि त्या हंगामात ती कादंबरी आली. चौऱ्याहत्तर साल असावं. तिचं नाव मला सांगता येत नाही, कारण पुठ्ठा आणि वरची पानं केव्हाच गेली होती. पाठीवर वाचनालयाचा नंबर होता, तोही अर्धा. तेरा फर्म्यांची होती. उसवताना पहिल्याच ओळीत नजर अडकली: एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस सांगतो की माझा धाकटा भाऊ तळ्यात बुडाला, आणि तो आपोआप बुडालेला नाही.

मी फर्मा पालथा घातला. मग उलटा केला.

कशी होती ती कादंबरी, असं कुणी विचारलं तर आज मी बऱ्यापैकी सांगू शकेन, कारण नंतर आयुष्यात पुष्कळ वाचलं. लेखक हुशार होता, पण त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. वाचकाला घाबरवायला त्यानं मांजरं आणली, वीज आणली, एक खोकणारा गुरखा आणला. त्याची काही गरज नव्हती. घड्याळजीला कुणीतरी निनावी पत्रं पाठवतं, 'मला माहीत आहे' एवढंच लिहिलेली. तो गावातल्या एकेकावर संशय घेतो. पण खरी भीती कुठं आहे, तर तो दुकानातली सगळी दुरुस्त घड्याळं भाऊ बुडाल्याच्या वेळेवर आणून ठेवतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "आता बरोबर चालतंय." ते वाचून माझ्या मानेवरून घाम उतरला तो थंड होता. हे लिहिणाऱ्याला काहीतरी माहीत होतं. दुसरं म्हणजे, त्या कादंबरीत आई आहे, पण ती फक्त चहा आणते. दोनशे पानांत तिला तीन वाक्यं नाहीत. पोटचं पोर बुडालं, आणि बाई कपबशी ठेवून आत जाते. तेव्हा मला हे खटकलं नाही. माझीही आई तशीच होती, चहा ठेवून आत जाणारी.

अशा पुस्तकांत खुनी सापडला की पुस्तक मिटतं. लोकांना ते आवडतं. मला वाटतं सापडल्यावरच खरं तर सुरू होतं, पण तिथून पुढं लिहायला कुणी धजत नाही.

तर मी चार फर्मे असे चोरून वाचले, ठिगळं लावता लावता. पाचव्याला धीर सुटला. पत्रं कोण पाठवतं? भावाला कुणी ढकललं? मला ते त्या दिवशी, त्या तासाला कळायला हवं होतं, जणू शेवटी खुनी म्हणून माझंच नाव निघायचं होतं. दुपारच्या सुट्टीत उस्ताद नमाजाला गेले, नरसम्मा नळावर हात धुवायला गेली. मी गठ्ठ्याखालून तेरावा फर्मा ओढला.

पत्रं त्याची त्यानंच लिहिलेली होती. अक्षर त्याचं होतं, आणि आपण लिहिली हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटच्या पानांत त्याला आठवतं: काठावर पालथा पडून त्यानं भावाचा हात धरला होता, आणि हात जड झाला तेव्हा सोडला. सोडताना त्याला बरं वाटलं होतं. 'हलकं वाटलं' असा शब्द होता.

नळावरून नरसम्माची हाक आली, "शेवंता, जेवत नाही काय गं?" पुढ्यात चौथ्या फर्म्यापर्यंतचा गठ्ठा होता, बाजूला पाचव्यापासूनचा. मी तेरावा त्या दोघांच्या मधे सरकवला, वर बाकीचे ठेवले, वीट ठेवली आणि जेवायला गेले. उस्तादांनी संध्याकाळी ते पुस्तक शिवलं. मी लावलेला गठ्ठा ते तपासत नसत. नव्या पुठ्ठ्यात घातलं, पुढं-मागं पोस्तीन लावलं. पोस्तीन म्हणजे पुठ्ठ्याच्या आतला कोरा कागद. आमच्या गिऱ्हाइकांची मागच्या बाजूला एक पोस्तीन जादा लावायची मागणी असे, कारण लोक त्यावर अभिप्राय लिहीत. 'झोप उडाली', 'बोअर', 'खुनी डॉक्टर आहे वाचू नका', असले.

दहा-बारा दिवसांनी पुस्तक परत आलं. वाचनालयाचे मालक दारातूनच ओरडले, "उस्ताद, हे काय? एक बाई म्हणते, मधेच शेवट आलाय आणि शेवटी काहीच नाही. पैसे परत मागतेय!"

उस्तादांनी पानं चाळली. चौसष्टनंतर एकशे त्र्याण्णव. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भर बाजारात टोपी उडवली. "किसका काम है?" त्यांनी विचारलं. खोलीत आम्ही दोघीच.

"माझा," नरसम्मा म्हणाली. "मी चुकला."

"तू?"

"म्हातारी झाला मी. डोळा गेला."

"नरसम्मा, तू चारावर तेरा लावशील? निरगाठ नाही ओळखलीस?"

तिनं पुढ्यातला फर्मा उचलून त्याची घडी दाबायला घेतली. नोकरी गेली तर मला मावशीकडं किती दिवस काढता येतील हे तिला माहीत होतं. तिला चार लेकरं होती, आणि ती माझ्यासाठी उभी राहिली होती, काही न विचारता. आजही कुणी माझ्या बाजूनं उगाच बोललं की मला तिचं ते 'मी चुकला' ऐकू येतं आणि डोळे भरतात.

मी म्हणाले, "उस्ताद, म्या केलंय. मला वाचता येतंय."

त्यांना चुकीचा राग आला नाही. खोटं बोलल्याचा आला. "एक साल!" म्हणाले. "एक साल तू माझ्या छपराखाली आंधळ्याचं सोंग केलंस!" पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं. "उसव. तुझ्या हातानं नीट लाव. आन् ते मागचं पोस्तीन काढून टाक, त्यावर शिरस्तेदारसाहेबांनी लिहून ठेवलंय. त्यांनीपण हेच उलटंसुलटं वाचलं असणार. जाऊन माफी मागून ये."

शिरस्तेदार म्हणजे कोर्टातले पेन्शनीत निघालेले मोठे कारकून. वाचनालयातलं नवं शिवून आलेलं प्रत्येक पुस्तक आधी ते वाचत. त्यांचे अभिप्राय गावात प्रसिद्ध होते, कारण ते कादंबरीचा निकाल देत, खरा निकाल, कोर्टात देतात तसा. मी पोस्तीन उलटलं. निळ्या शाईतलं बारीक, उभट अक्षर. ते मी इतक्यांदा वाचलं की अजून तोंडपाठ आहे:

'आरोपीने भावाचा हात सोडल्याची कबुली दिली आहे. तथापि प्रकरण तीनमध्ये मयताच्या दोन्ही मुठींत गाळ व लव्हाळे असल्याचे डॉक्टर सांगतात. ज्याचा हात वरून कोणी धरलेला आहे, त्याच्या दोन्ही मुठींत लव्हाळे येत नाहीत. कबुलीजबाब पुराव्याशी जुळत नाही. सबब आरोपी निर्दोष. कादंबरी बरी आहे. शेवट लेखकास कळलेला नाही.'

सबब आरोपी निर्दोष. मी ते पोस्तीन फाडलं नाही. घडी करून चोळीत ठेवलं. पण मनात दुसरंच जळत होतं: हा निकाल माझ्या चुकीमुळं लागलाय. कबुली मधेच आली, त्यानंतर आठ फर्मे संशय चालूच राहिला, म्हणून शिरस्तेदार आजोबांना वाटलं की कबुली खोटी. बरोबर क्रमानं वाचतील तर हेच आजोबा त्याला फासावर देतील.

ऊन कलल्यावर त्यांच्या घरी गेले. अंगणात पाणी मारलेलं, मातीचा वास उठलेला, ते बंडी घालून आरामखुर्चीत बसलेले. मिलचा भोंगा नुकताच झाला होता आणि रस्त्यावरून सायकलींचा लोंढा चालला होता. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं, आजोबा, पानं माझ्या हातून मागंपुढं झाली, तुमी उलटं वाचलं.

"उलटं?" ते म्हणाले. "चौसष्टनंतर एकशे त्र्याण्णव आलं तर मला दिसणार नाही? सगळा जन्म कागदांना पान-नंबर घालण्यात गेला, मुली. मी आधी सरळ क्रमानं वाचलं आणि मग लिहिलं."

"सरळ वाचून बी निर्दोष?"

"कबुलीचं काय एवढं? माणूस दुःखात काय वाटेल ते कबूल करतो. कबुली दिली की त्याला बरं वाटतं. का झालं ते कळलं, असं वाटतं. कोर्टानं त्यावर जायचं नसतं. बस, उभी का?"

मी पायरीवर बसले. आणि मग, कसं ते मला सांगता येणार नाही, सगळं बोलून गेले. दत्तू, पुडीचा कागद, विहीर. सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं च्-च् केलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांनी चष्मा लावला आणि बाजूची चोपडी मांडीवर घेतली. सवय असावी.

"तुझं वय?"

"बारा."

"त्याचं?"

"चार."

"वाचत काय होतीस?"

"गुळाचा कागद. अर्धी बातमी हुती. कुटं तरी पूल बांधणार म्हणून."

"घरात मोठं माणूस?"

"कुनी न्हाय. बा करमाळ्याच्या बाजाराला गेलता. आई शेतात."

"तुला कुणी हाक मारली? सांभाळ म्हणून, बघ म्हणून, ऐनवेळी?"

"न्हाय. कुनीच न्हाय मारली."

ते लिहीत नव्हते, पण पेन कागदावर टेकलेलं होतं. "विहिरीला कठडा होता?"

असा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.

"होता की नव्हता?"

"नव्हता. दगड आणले हुते बानं. घडीव दगड. परड्यात रचून ठेवले हुते. सुगी झाली की बांधू म्हणाला."

"सुगी झाली?"

"झाली."

"मग कठडा का झाला नाही?"

सायकलींचा आवाज संपला होता. मी पायरीवरची ओली माती नखानं उकरत होते. "आईनं दगड मागून घेतले," मी म्हणाले. "न्हाणीसाठी. बा नको म्हणत हुता, विहिरीचं आदी करू म्हणत हुता. आई हटून बसली."

"न्हाणीची एवढी घाई?"

"मी मोठी व्हायला लागले हुते आजोबा. उघड्यावर आंघूळ नको म्हणून. माझ्यासाठी."

हे मी बोलले तेव्हाच मला कळलं, त्याआधी नाही. सात वर्षं दगड माझ्या डोळ्यांपुढं होते आणि मी ते एकदाही उचलून बघितले नव्हते. आईनं मात्र रोज बघितले असणार. रोज त्याच न्हाणीत पाणी सोडलं असणार. 'वाचत हुतीस व्हय' हे ती मला म्हणत नव्हती, स्वतःला सांगत होती. तिला दुसरं काहीतरी कारण हवं होतं, कुठलंही, आणि मी उंबऱ्यावर कागद हातात घेऊन आयती बसले होते. मला गावाबाहेर का धाडलं तेही त्या पायरीवर कळलं. मी समोर असले की न्हाणी दिसायची.

शिरस्तेदारांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. निकाल त्यांच्या तोंडाशी आला होता, मला दिसत होता. तो शब्द ऐकायला मी आयुष्यातली सात वर्षं दिली होती. पण मी निर्दोष तर मग विहिरीशी कोण उभं राहतं, तेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आजोबा," मी म्हणाले, "नका लिहू."

"मी कुठं लिहितोय?" ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं. आतून सुनेला हाक मारून मला ताक द्यायला लावलं. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "ती कादंबरी वाचनालयात परत गेली की मला कळव. एक ओळ खोडायची आहे." कोणती ते मी विचारलं नाही. पोस्तीन माझ्याकडं आहे हे सांगायचंही राहून गेलं.

उस्ताद चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एक उसवलेलं पुस्तक माझ्याकडं सरकवून म्हणाले, "सुट्टीत वाच. हातात काम असताना वाचशील तर बोटं तोडीन." एवढ्या वर्षांनी मी हे लिहू शकते आहे ते त्या परवानगीवर. त्या पत्र्याखाली पुढं मी शेकडो पुस्तकं वाचली, खुनाची, प्रेमाची, देवाची. चांगला लेखक कोण हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, त्याच्या पुस्तकात चहा आणून ठेवणाऱ्या बाईकडं त्याचं लक्ष आहे की नाही.

हंगाम संपता संपता, पाऊस अजून यायचा होता तेव्हा, मी गावी गेले. बोलावणं नव्हतं. जेऊरला उतरून चालत गेले. आईचे केस पुरते पांढरे झाले होते. तिनं भाकरी दिली, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "बस, पाठ चोळते. सोलापूरचा मळ लई बसलाय."

मी न्हाणीत बसले. खाली गार, गुळगुळीत दगड. बायकांनी बसून बसून त्यांची घडण पुसली होती. आई मागं उभी राहून वजरीनं पाठ घासत होती, नेहमीपेक्षा जोरात. मग घासणं थांबलं. तिचा आवाज मागून आला, अगदी साधा, शेजारणीला विचारावा तसा.

"शेवंता, त्या दिवशी म्या शेतातनं तुला हाक मारली हुती. दत्तूकडं बघ गं, म्हणून. दोनदा मारली. तुला ऐकू आली न्हाय व्हय?"

शेत आमच्या घरापासून ओढ्यापलीकडं. तिथून माणसाची हाक घरापर्यंत येत नाही. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. वळून बघायचा मला धीर झाला नाही. पाठीवर तिचा ओला हात तसाच टेकलेला होता. सात वर्षं कुठल्या कुठल्या प्रहरी तिनं ती हाक जुळवली असेल, किती वेळा स्वतःशी मारून बघितली असेल.

"आली हुती, आई," मी म्हणाले. "वाचायच्या नादात उठले न्हाय."

तिनं तांब्या बुडवला आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. खूप कढत होतं. मी हूं की चूं केलं नाही.